मिनिटामिनिटाची नोंद

नवे इलेक्ट्रॉनिक मीटर घेऊन वीजवाल्यांचा माणूस अर्नाळ्यात दारोदार फिरत होता आणि दारोदार शिव्या खात होता. हा मीटर जास्त पळतो, अशी गावाची खात्री होती. जयवंतीचा संताप वेगळाच होता. आदल्या आठवड्यात अकरा तास वीज नव्हती, विकायला ठेवलेली पापलेटं फ्रीजरमध्येच सडली. ती वीज कचेरीत तक्रार घेऊन गेली, तर तिथल्या साहेबांनी वही उघडून सांगितलं, "बाई, त्या दिवशी वीज गेलेलीच नाही."

मीटर घेऊन दारात आलेल्या माणसाला तिने विचारलं, "लाईट कधी गेली, कधी आली, याला समजतं काय रे?"

तो खुलला. "मिनिटामिनिटाची नोंद, मावशी! कोणाला खाडाखोड करता येत नाही."

"मग बसव. आत्ताच बसव."

शेजारचा कृष्णा कुंपणावरून ओरडला, "काकी, येडी झालीस काय?"

"तू गप रे! पुढच्या वेळी मासळी सडू दे, याच्यातला कागद काढून साहेबाच्या टेबलावर आपटते. बघू कोनाची नोंद खरी!"

माणसाचा हात थांबला. स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकत तो म्हणाला, "साहेबांना विचारून येतो."

महिन्याभरात गावभर मीटर बसले. कृष्णाने दार उघडलं नाही, तर त्याच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकला. जयवंतीने मीटरसाठी तीन अर्ज दिले. तिसऱ्याला उत्तर आलं: 'आपला जुना मीटर सुस्थितीत असल्याने बदलण्याची आवश्यकता नाही.'