घडीचं घर

"माझे बूट कुठे गेले?"

गोदामबाबूचा आवाज दोन खोल्यांत मावेना. बायकोने दारामागची वीतभर जाडीची पेटी पुढे ओढली. पेटी तोंड उघडून वाकली. आत बूट उभे होते.

"आता माणसाने स्वतःचे बूट शोधत बसायचे?"

"शोधायचे नाहीत. जागा लक्षात ठेवायची."

पलंगाखालच्या खणांना चाकं बसवणाऱ्या सुतारमामांनी मान आणखी खाली घातली.

नऊ वर्षं गोदामबाबूने या घरात एक खिळा ठोकू दिला नव्हता. दिवसभर गोदामात दुसऱ्यांची खोकी रचायची, घरी तरी डोळ्यांसमोर फळ्या नकोत, हे त्याचं म्हणणं. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. तिचे कागद पोत्यात आणि पोतं पलंगाखाली. एकदा ते उंदरांनी कुरतडले, एकदा यानेच रागाच्या भरात रद्दीत घातले. आणि या महिन्यात तिने त्याला न विचारता सुतार आणला होता.

घर तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेलं. त्यामुळे सुताराला हाकलता येत नव्हतं, ही खरी जळजळ होती.

खिडकीखाली बाक झालं, बाकाच्या पोटात अंथरुणं गेली. जेवायचं टेबल मिटून भिंतीला लागलं. दारावरच्या फळीवर रंगांच्या बाटल्या पिवळ्यापासून निळ्यापर्यंत ओळीने बसल्या. शेजारीण डोकावून म्हणाली, "अगं, घर दुप्पट झालं की!" ते ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या आईला आणायचंय ना इथे? त्यासाठीच चाललंय सगळं!"

"आईला आता जिने चढवत नाहीत."

"मग कोणासाठी हा खटाटोप?"

"घर चांगलं दिसावं म्हणून. गुरुवारपर्यंत संपेल."

"आणि मला नाही आवडलं तर?"

"तुम्हाला आजवर काय आवडलंय?"

त्याने ताट आदळलं. घडीचं टेबल तसूभर हललं नाही, याचाही त्याला राग आला. न जेवताच तो उठला. तिने आपलं जेवण संपवलं, टेबल पुसलं आणि मिटून ठेवलं.

गुरुवारी तो मुद्दाम रजा टाकून घरी बसला. दुपारी एक तरुण जोडपं आलं. बाईला सातवा-आठवा महिना असावा. असेल शाळेतलं कोणीतरी, कौतुक करायला आलेलं, असं समजून तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. बायकोने एकेक खण ओढून दाखवला, बाक उघडलं, टेबल उलगडलं. बाईने फळीवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली.

"बघा, बघा!" गोदामबाबू पाय पसरत म्हणाला. "घराचं नुसतं दुकान करून ठेवलंय!"

कोणी हसलं नाही.

"हे सगळं घराबरोबरच मिळणार ना?" त्या बाईने विचारलं.

"सगळं," बायको म्हणाली. मग तिने खुर्चीकडे पाहिलं. "यांना तेवढं सोमवारी ताबा द्यायच्या आत हलवते."