चार चांदण्या

डॉक्टरांनी बाळाचं झबलं वर केलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. फुगून टणक झालेल्या इवल्या पोटावर, बेंबीभोवती, चार ताजे चटके होते. सारख्या अंतरावर.

"सलाइन लावा, सर्जनना बोलवा," ते नर्सला म्हणाले. मग बाळाच्या आईकडे, शीतलकडे वळले. "इलाज कशानंही थांबणार नाही. पण मला हे पोलिसांना कळवावं लागेल, कायदाच आहे. कुणी डागलं?"

साक्रीहून धुळ्यापर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये शीतलनं एक खोटं घोकलं होतं: रॉकेलची चिमणी कलंडली. पण चिमणी अशी मोजूनमापून चार ठिकाणी कलंडत नाही, हे बी.एस्सी. झालेल्या बाईला कळत होतं. तिचा हात नकळत पदराआड, स्वतःच्या पोटाकडे गेला.

तिथंही चारच डाग होते, जुने. लहानपणी न्हाऊ घालताना आई ओलं बोट त्यांवरून फिरवायची, एकेक मोजायची. "या तुन्ह्या चार चांदन्या. यास्नीच तुले वाचाडं." चुलीवर उतू जाणारं पाणी, डोळ्यांत धूर, आईच्या बांगड्यांची किणकिण. गुदगुल्या होऊन शीतल खिदळायची. शाळेत मैत्रिणींना त्या चांदण्या तिनं हौसेनं दाखवल्या होत्या. कॉलेजात गेल्यावर लपवायला लागली.

"मी डागं," दाराशी उकिडवी बसलेली तिची आई, जमना, म्हणाली. "लिखी ले, डॉक्टरभाऊ. मन्हं नाव लिख. हाई घरमा नव्हती. बाजारले गयी व्हती."

डॉक्टरांनी पेन उचललं नाही. बाळाकडे बघत त्यांनी शीतलला विचारलं,

"अंगावर पितो ना?"

"हो."

"मग तुम्ही इथं त्याच्याजवळ असणं गरजेचं आहे. चौकीवर नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "नीट आठवून सांगा ताई. तुम्ही घरी नव्हतात?"

जमनानं लेकीकडे बघून मान हलवली. नव्हती म्हण.

टेबलावर नर्स शीर शोधत होती आणि बाळ पाय झाडत होतं. काल सकाळीही असंच झाडत होतं, विळ्याचं टोक लाल होईपर्यंत.

"होते," शीतल म्हणाली. "पाय मी धरले होते."