वाटेत कुठंतरी

रोवेनानं वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, तोच आरोग्य खात्याचा माणूस शवपेटीच्या पलीकडून म्हणाला, "तुझी सही तेवढी राहिली."

तिचा बाप अन्सेल्मो गेला, तसा त्याचा परवानाही गेला. मयताला तयार करायचं, पेटी द्यायची, दफनापर्यंत सगळं निभावून न्यायचं, असं त्याचं दुकान. दुकान आता बायकोच्या नावावर चढलं असतं, पण मयत हाताळायचा परवाना असलेलं एक माणूस जबाबदार म्हणून लागतं. घरात तसं माणूस एकच होतं. बापानं मागं लागून लागून लेकीला परीक्षेला बसवलं होतं. या दिवसाचीच तयारी करत होता की काय, देव जाणे. एकदा नाव लागलं की रोवेनाला गाव सोडता येणार नव्हतं.

"दफन उरकून या," तो माणूस म्हणाला. "मी बसतो इथंच. आज सही झाली नाही तर उद्या मला टाळं लावावं लागेल. माझाही नाइलाज आहे, पोरी."

रोवेनाला पाव उत्तम भाजता यायचे. समुद्रापलीकडं इलोइलोला मैत्रिणीनं बेकरी काढली होती आणि ती रोज विचारत होती, कधी येतेस. इथं तिच्या हातचं कोण खाणार? गावच्या सणाला तिनं एकदा तांदळाचे केक मांडले, तर लोक लांबूनच म्हणाले, "वा, काय सुरेख दिसतायत!" आणि पुढं सरकले. घरात कुणी गेलं की याच लोकांना तिचे हात हवे असत. तिला संताप यायचा. पण आईला एकटं टाकून जायचं कसं?

लोकांना शेवटचं बघता यावं म्हणून पेटी घरात ठेवली होती, तेवढ्या दिवसांत आईनं तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, तुझ्या मनात काय आहे. उलट नदीपलीकडचा बारेतो, याच धंद्यातला, अन्सेल्मोचा हाडवैरी, समाचाराला आला, तर आई स्वयंपाकघराचं दार लोटून त्याच्याशी कितीतरी वेळ बोलत बसली. दुकानासाठी ही कुणाचेही पाय धरेल, असं वाटून रोवेनाला शरम वाटली.

दफन झालं. माती देऊन लोक निघाले आणि रीतीप्रमाणे चौकातल्या खानावळीत शिरले. मयताहून सरळ घरी जायचं नसतं. वाटेत कुठंतरी थांबायचं, म्हणजे गेलेला माणूस वाट चुकतो, आपल्या मागोमाग घरी येत नाही. अख्खं गाव हे पाळायचं, एक अन्सेल्मोचं घर सोडून. "आपण मरणाच्याच घरात राहतो, आपण कुणाला चकवायचं?" असं म्हणून तो हसायचा आणि लहानग्या रोवेनाचं बोट धरून तिला सरळ घरी आणायचा.

आजही तिचे पाय सवयीनं घराकडं वळले. आईनं तिचं कोपर धरलं.

"इकडून चल."

"आई, तो माणूस खोळंबलाय."

"खोळंबू दे. कॉफी दिलीय त्याला."

खानावळही मागं पडली. आई उतारानं धक्क्याकडं चालली होती. बोट लागलेली होती आणि बोटीत रोवेनाची बॅग होती. बॅग नीट बंदही होत नव्हती, कारण वर केकचे साचे कोंबले होते.

रोवेना बघतच राहिली. "आणि सही?"

"बारेतो करतोय. परवाना त्याचा, पाटी त्याची. मी पेट्या विकीन, आल्यागेल्याचं बघीन. तुझ्या बापाचं नाव संध्याकाळी उतरवतील."

"बाबांना चाललं असतं हे?"

"छे! थयथयाट केला असता."

रोवेनाला रडू फुटलं. आईनं तिच्या खांद्यावरची माती झटकली आणि तिला बोटीच्या फळीवर चढवलं.

"मयताहून सरळ घरी यायचं नसतं, कळलं? वाटेत थांबायचं. तुझा बाप तुझ्यामागं यायचा बंद होईपर्यंत थांब."

बोटीचं इंजिन सुरू झालं. रोवेनानं फळीवरूनच वळून विचारलं, "आणि तू? तू कुठं थांबणार?"

आई केव्हाच पाठमोरी झाली होती.

"मी कशाला थांबू? मी सरळ घरी जातेय. येऊ दे त्याला माझ्यामागं."