पत्र्याच्या खोलीतल्या पेशी

मोबाइलच्या लहरींमुळे माणसाच्या पेशींचं काय होतं, हे शोधण्यात संशोधक बाईंच्या उमेदीची सहा वर्षं गेली होती. या वेळी त्यांनी कातडीच्या पेशींच्या निम्म्या बशा लहरी सोडणाऱ्या यंत्राखाली ठेवल्या आणि निम्म्या शेजारच्या खोलीत. त्या खोलीला लहरी अडवणारा जाड पत्रा चहूबाजूंनी ठोकलेला होता. दर दोन दिवसांनी पेशींचं खाद्य बदलायचं काम प्रयोगशाळेतल्या जुन्याजाणत्या तंत्रज्ञाकडे होतं.

महिन्याने बाईंनी बशा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तर सगळं उलटंच! लहरी झेललेल्या पेशी टवटवीत आणि पत्र्याआड जपलेल्या झाडून साऱ्या मेलेल्या. बाईंना आधी घाम फुटला, मग आकाश ठेंगणं झालं. प्रयोगशाळेचे संचालक तर त्यांच्याही पुढचे. ‘लहरींनी दिलं पेशींना जीवदान’ असा मथळा स्वतःच लिहून त्यांनी पत्रकारांना आवतण धाडलं.

पत्रकार खाली चहा पीत होते, तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी तंत्रज्ञाला कोपऱ्यात गाठलं.

"खाद्य वेळच्या वेळी बदललंत ना? खरं सांगा."

"यंत्राखालच्या बशांचं अगदी न चुकता, मॅडम."

"आणि पत्र्याच्या खोलीतल्यांचं?"

त्याने मान खाली घातली.



"तिथे अर्धा अर्धा तास काढायचा कसा, मॅडम? आत रेंजच येत नाही!"