उघडं फाटक

तो माणूस अजूनही मागेच होता.

नोरीननं बहिणीचा, जॉइसचा, हात घट्ट धरला. दोन्ही बाजूंना लाल खडकाच्या उंच भिंती, मधे जेमतेम दोघींपुरती वाट. वॉशिंग्टनमध्ये खर्चावरून भांडण जुंपलेलं, सरकारी कामं ठप्प. राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीला कुलूप होतं, पण फाटक सताड उघडं. "तिकीट नाही की गर्दी नाही, चल!" म्हणत जॉइसनंच तिला आत आणलं होतं. आता किंचाळलं तरी ऐकायला कुणी नव्हतं.

"अहो बाई, थांबा!" तो दाढीवाला ओरडला.

"पळ, जॉइस!"

जॉइस पळाली आणि पाय मुरगळून पडली. नोरीननं हाताला लागला तो धोंडा उचलला. "जवळ आलास तर डोकं फोडीन!"

"फोडा, पण वर चढून फोडा! तिकडे डोंगरावर पाऊस कोसळतोय. पाणी येतंय!"

वर तर आभाळ निळंशार होतं. खोटं बोलतोय मेला, तिला वाटलं. इतक्यात खिंडीच्या आतून गार वारा आला, पाठोपाठ घरघर.

तिच्या हातातला धोंडा गळून पडला. त्यानं जॉइसला पाठीवर घेतलं. नोरीन रांगत, नखं मोडत त्याच्यामागून कपारीवर चढली. खाली गढूळ पाणी ओंडके घेऊन धडधडत गेलं. ती उभी होती, नेमकं तिथूनच.

नोरीन त्याच्याकडे वळली.

"कोण आहात तुम्ही?"

"इथलाच वनरक्षक. सध्या बिनपगारी घरी बसवलंय. फुकटसुद्धा काम करायचं नाही, असा हुकूम आहे. तुम्ही आत शिरताना दिसलात, राहवलं नाही."

पाणी ओसरल्यावर तो मदतीसाठी फोन करायला निघाला. जाताना कसनुसा हसला. "माझ्याबद्दल कुठं बोलू नका हं. नोकरी जाईल."

संध्याकाळी शेरीफचा पोलीस आला. त्यानं जॉइसचा सुजलेला पाय पाहिला. मग कपारीखालचा खडा चढ पाहिला.

"या पायानं? यांना वर चढवलं कुणी?"

नोरीननं जॉइसचा हात हळूच दाबला.

"भीतीनं," ती म्हणाली. "दुसरं कोण होतं इथं?"