अर्जुनरावांची जीप

मतदान संपत आलं तरी अर्जुनरावांची जीप दारात आली नव्हती. जाईबाईंनी सकाळीच थापलेल्या मासवड्या ताटाखाली झाकलेल्याच होत्या. धाकटा कोंडीराम उंबऱ्यावर बसून बोटाची शाई न्याहाळत होता. आईचा चेहरा उतरत चालला तसतसं त्याला बरं वाटत होतं.

दर निवडणुकीला ती यायचीच. थोरला सयाजी राहायला नाशकाला, पण अर्धं घर नि दोन एकर रान इथं, म्हणून मतही इथंच. पंचायतीला उभे राहणारे अर्जुनराव त्याला आणायला खास जीप धाडत. तो उतरला की आळीभर रामराम, आई भाकरतुकडा ओवाळून टाकणार. आणि आकुर्डीच्या कंपनीत रात्रपाळी करून येणारा, घराचे पत्रे बदलणारा, आईला दवाखान्यात नेणारा कोंडीराम? त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. एक तुपाशी, एक उपाशी. कोंडीराम आतून जळायचा.

"जीप कुठंतरी बंद पडली आसंल," आई म्हणाली.

"न्हाई यायची. म्याच खेडच्या कचेरीत जाऊन मतदार यादीतनं दादाचं नाव कमी करून घेतलं. जो गावात राहत न्हाई, त्याला गावात मत कशाला?"

आता आई भांडेल, असं त्याला वाटलं. ती जागची हलली नाही.

"चल, तुझं तरी मत दिऊन ये. शाळा बंद व्हईल," तो म्हणाला.

"मला काय करायचंय मत? दर खेपंला अर्जुनरावाला सांगायची, माझ्या थोरल्याला आण, मंग मत तुला. नुसतं बोलावून तो येत न्हाई रं. जिपंतनं आणला, तरच येतो."

 इतक्या वर्षांचं साचलेलं कोंडीरामच्या आत राहीना.

"आन् मी? माझ्यासाठी कवा थापल्यास मासवड्या?"

जाईबाईंनी ताट उचललं. साऱ्या वड्या त्याच्यापुढं वाढल्या, वर रस्सा ओतला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या,

"तू कवा कुठं गेलायस, लेका, की येशील म्हणून थापू?"