बँकेच्या होकाराआधी

खासबागेतल्या सुबराव विणकराचं घर बँकेकडं गहाण होतं. घराची किंमत कर्जाहून कमी, म्हणून बँक ते मिळेल त्या भावात विकू देणार, असं टिळकवाडीच्या सौरवला कळलं. त्यानं लगेच इसार दिला. बँकेची मंजुरी अजून यायची होती. पण वास्तुशांतीचा मुहूर्त काही बँकेसाठी थांबत नाही, आणि वाट बघणं हे सौरवच्या मते गरिबांचं काम.

"अण्णा, बँकेचा कागद येऊ द्या की आधी."

"तू मला बँक शिकवू नकोस, सुबराव. असल्या कोंडवाड्यात आमची माणसं राहत नसतात."

सुबरावचा संसार परसात ढकलून सौरवनं पत्रे काढले, स्लॅब टाकला, भिंती रंगवल्या, फरशी घातली. मग बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला आणि स्लॅबकडं बघून खूश झाला. किंमत आता कर्जाच्या वर गेली होती. बँकेनं पडत्या भावातल्या विक्रीला नकार दिला आणि सुबरावला फेडायला मुदत वाढवून दिली.

सौरव तरातरा आला. सुबराव उंबऱ्यात उभा होता.

"चपला भायेर काढा, अण्णा. फरशी नवीन हाय."